बीजदलांनंतरचा घास

जानेवारी सरत आला की टोमॅटो-मिरचीचं बी टाकायची लगबग सुरू होते आणि सासूबाईंचा आग्रहही. ‘अगं, घरचं खत आहे, हात कशाला आखडतेस?’ मी मात्र आखडतेच. बी स्वतःची शिदोरी घेऊन येतं. बीजदलं उघडेपर्यंत त्याला बाहेरचं खत लागत नाही. नुसत्या गांडूळ खतात बी टाकलं तर ओल फार धरते, क्षारही बाधू शकतात. मग कोवळी रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. म्हणून धुऊन पिळलेलं कोकोपीट चार भाग आणि चाळलेलं खत एक भाग. खरी पानं फुटली की चिमूटभर खत बुडाशी, वर झारीनं पाणी. मग पानांचा पोपटी रंग हळूहळू गडद होत जातो.

खत काढायचं काम मला फार आवडतं. चार-पाच दिवस आधी गांडुळांच्या टाकीचं पाणी तोडायचं, मग सगळा माल गोणपाटावर ओतून उजेडात ढीग करायचा. गांडुळं तळाशी जातात, वरचं काळं, दाणेदार खत हातानं ओढून घ्यायचं. शेणाचा वास आला तर ते अजून झालेलं नाही. गांडुळाला डोळे नाहीत, तरी उजेड कळतो; डार्विननं त्यांना घरात कुंड्यांत पाळून हे तपासलं होतं आणि १८८१ च्या पुस्तकात लिहून ठेवलं.

टाकीत आयसेनिया फेटिडा ही तांबडी जात आहे. शेतातली मोठी गांडुळं आणून टाकली तर टिकत नाहीत, त्यांना खोल माती लागते. ताजं शेणही घालायचं नाही. ते तापतं आणि गांडुळं मरतात.

हे खत उकिरड्यासारखं तापत नसल्यानं स्वयंपाकघरातून आलेलं बी त्यात जिवंत राहतं, ही एक कटकट. ट्रेमध्ये मिरचीशेजारी टोमॅटो डोकं काढतो, कधी पपई. मी उपटायला जाते, सासूबाई हात धरतात. त्यांनी वाचवलेला एक टोमॅटो सध्या न्हाणीघराच्या सांडपाण्यावर माजलाय. फळं बारीक आणि आंबट आहेत, पण सारासाठी त्या तीच तोडून आणायला लावतात.