मापात पाप नसतानाही

कोल्हापुरात कुस्तीच्या प्रशिक्षकांसमोर उत्तेजक चाचण्यांवर बोलत होते. फळ्यावर ‘४ : १’ लिहिलं आणि मागच्या रांगेतल्या एका वस्तादांनी हात वर केला. “मॅडम, आकडा चारच्या आत आला म्हंजे पोरगं सोवळं, असंच न्हवं?”

मी “नाही” म्हटलं. पण का नाही, हे सांगण्यात उरलेला तास गेला.

आधी हा चार कुठून आला ते पाहू. बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन आणि शरीराने बनवलेलं टेस्टोस्टेरॉन हा रेणू म्हणून एकच. नुसतं लघवीत सापडलं म्हणून चोरी सिद्ध होत नाही. यावर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोनचे मानफ्रेड डोनिके यांनी युक्ती काढली. टेस्टोस्टेरॉनचं एक जुळं भावंड आहे, एपिटेस्टोस्टेरॉन. अंगकाठी तीच, पण ताकद वाढवण्याच्या कामी शून्य. सुई टोचली की टेस्टोस्टेरॉन वाढतं, हे भावंड जागचं हलत नाही. म्हणून लघवीतल्या दोघांचं गुणोत्तर बघायचं. बहुतेकांत ते एकच्या आसपास असतं. संशयाची रेषा आधी सहावर होती, २००५ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, ती चारवर आणली.

युक्ती नामी, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली होती: रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सगळ्यांच्या लघवीत सारख्याच वाटेने उतरतं. तसं होत नाही. टेस्टोस्टेरॉन तेलकट, पाण्यात न विरघळणारं. शरीर त्याला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देतं, तेव्हा कुठे ते लघवीतून वाहून जातं. ही जोड देणारं मुख्य विकर ज्या जनुकातून बनतं, त्याचं नाव यूजीटी२बी१७. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा त्याच्या दोन प्रती आपल्याला मिळायला हव्यात. काहींना एकच मिळते. काहींना एकही नाही. गुणसूत्रावरचा तेवढा तुकडाच गायब असतो. अशा माणसाला कसलाही आजार नसतो, दाढीमिशा आणि ताकद इतरांसारखीच. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, फक्त लघवीत त्याचा मागमूस जेमतेम. एपिटेस्टोस्टेरॉनची वाट मात्र वेगळ्या विकराची, ती खुलीच राहते. त्यामुळे गुणोत्तर कायम एकच्या खूप खाली.

असे लोक किती? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये स्वीडिश आणि कोरियन पुरुष तपासले. दोन्ही प्रती नसलेले स्वीडनमध्ये ९.३ टक्के निघाले, कोरियात ६६.७ टक्के. मग २००८ मध्ये स्वीडनमधूनच पुढचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ५५ निरोगी पुरुषांना टेस्टोस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एकेक इंजेक्शन दिलं आणि पंधरा दिवस लघवी तपासली. दोन्ही प्रती असलेल्यांचं गुणोत्तर झपाट्याने चढलं. एकही प्रत नसलेल्यांपैकी ४० टक्के लोक मात्र पंधरापैकी एकाही दिवशी चारपर्यंत पोचले नाहीत. सुई तीच, मात्रा तीच, पण प्रयोगशाळेच्या लेखी ते निर्दोष.

याची दुसरी बाजूही आहे. कधीच काही न घेता निसर्गतःच चारच्या वर असणारेही काही असतात. म्हणजे एकाच रेषेने एक चोर सुटतो आणि एक साव चौकशीत अडकतो. मापात पाप कुणी केलेलं नाही. फक्त सगळ्यांना एकच माप लावलं.

खात्री करायची चाचणी आहे. औषधातलं टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींतल्या द्रव्यांपासून बनतं. त्यातल्या कार्बनमध्ये जड कार्बन-१३चं प्रमाण शरीरातल्यापेक्षा थोडं कमी असतं आणि तेवढ्या फरकावरून मूळ ओळखता येतं. २००६च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलपटू फ्लॉइड लँडिसचं गुणोत्तर ११ : १ आलं, आणि कार्बनच्या चाचणीनेही बोट बाहेरच्या टेस्टोस्टेरॉनकडेच दाखवलं. पण ही चाचणी महागडी आणि वेळखाऊ, त्यामुळे ती संशयित नमुन्यांचीच व्हायची. ज्याचं गुणोत्तर वरच चढत नाही, त्याच्यावर संशय येणार कसा?

यावर तोडगा म्हणून २०१४ पासून खेळाडूच्या जैविक पारपत्रात स्टेरॉइडच्या नोंदी आल्या. खेळाडूचे वेळोवेळचे आकडे एकत्र ठेवायचे आणि त्याची तुलना त्याच्याशीच करायची. एखाद्याचं गुणोत्तर नेहमी ०.१ असेल आणि एकदा ०.६ आलं, तर ते चारपासून कितीही दूर असो, कार्बनची चाचणी मागवता येते. इथे जनुक आडवं येत नाही, कारण ते आधीच्या नमुन्यातही तेच होतं.

हे सांगितल्यावर वस्ताद हसले. “आमी जोर तसंच मोजतो की. ह्यो हजार मारतो, त्यो पाचशे, त्यात काय न्हाई. पाचशेवाल्यानं अचानक आठशे मारलं, की इचारायचं, खाल्लंस काय?”

पारपत्राची एवढी नेमकी व्याख्या मी कुठल्याच वर्गात ऐकली नव्हती. मी कौतुक करणार, तोच त्यांनी पुढे विचारलं, “पर आमच्या पोरांची पयली तपासणी हुती कवा? मैदानात नाव झाल्यावर. त्याच्या आधीच सुई लागली असली, तर?”

तर पारपत्राचं पहिलं पानच खोटं लिहिलं जातं आणि पुढची सगळी पानं त्याच्याशी ताडून बघितली जातात. मी हे सांगितलं, फळ्यावरचा ‘४ : १’ पुसला आणि त्या दिवशीचा वर्ग संपवला.