पायाखालचं डिझेल

ताशी ८० किलोमीटर वेगानं चाललेली आमची स्विफ्ट ब्रेक दाबून पूर्ण थांबवली, की साधारण २५ मिलिलिटर डिझेल वाया जातं. खोकल्याच्या औषधाची दोन टोपणं भरतील एवढं. हा आकडा मी कुठे वाचलेला नाही, वहीत मांडून काढला आहे. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १२०० किलो, वेग सेकंदाला २२ मीटर, एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा आणि त्यातली चाकापर्यंत पोचणारी जेमतेम तीस टक्के. गाडीला तो वेग द्यायला जे डिझेल जळालं, ते ब्रेक लागला की चाकांची डिस्क आणि ड्रम तापवून हवेत जातं. म्हणून ॲव्हरेजचा विषय निघाला की बाकीचे ॲक्सिलरेटरबद्दल बोलतात आणि मी ब्रेकबद्दल.

मी राहते भिलाईच्या वैशाली नगरात. माहेर भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीचं. दोन्ही घरं एकाच महामार्गाच्या काठाला आहेत. पूर्वी त्याला सगळे ‘एनएच सिक्स’ म्हणत, आता तो ५३ झाला. भिलाईत त्याचंच नाव जीई रोड. दुर्ग, राजनांदगाव, मग बाघनदी ओलांडून महाराष्ट्रात देवरी, साकोली आणि लाखनी. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. या रस्त्यानं इतक्या वर्षांत मला जे शिकवलं, ते गाडीच्या पुस्तिकेत नव्हतं.

डिझेलची काटकसर मात्र मी गाडीच्या आधीपासून पाहत आले. आमच्या धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला बाबांकडे किर्लोस्करचं ऑइल इंजिन होतं. पुण्याच्या खडकीत ही कंपनी १९४६ साली निघाली आणि तिची इंजिनं गावोगावच्या विहिरींवर जाऊन बसली. बाबा सकाळी हँडल मारून इंजिन सुरू करायचे आणि नळीतून येणारा धूर बघत उभे राहायचे. पहिला काळा भपका चालायचा. पण धूर काळाच राहिला तर ते पाणी सुरू ठेवायचे नाहीत, आधी इंजिनाकडे वळायचे. काळा धूर म्हणजे पुरतं न जळालेलं डिझेल, पैसे देऊन आणलेलं आणि पिकाला न लागलेलं. आजही मी चढावर आरशात मागे बघते ती त्याच सवयीनं.

गाडीचं इंजिन १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं मल्टिजेट. मारुतीनं ते मानेसरला बनवलं, फियाटनं पुण्याजवळ रांजणगावला. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा, सगळ्यांच्या बॉनेटखाली हेच. डिझेलचे भाव सरकार बांधून ठेवत होतं आणि पेट्रोल बरंच महाग होतं, तेव्हा मध्यमवर्गीय घरांत या इंजिनाची लाट आली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव खुले झाले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि मारुतीनं डिझेल गाड्या बंदच केल्या. म्हणजे माझ्यासारखे जे आता चालवतायत, ते जुन्याच गाड्या सांभाळतायत.

या इंजिनाचा जोर सगळ्यात जास्त लागतो तो २००० आरपीएमला. पाचव्या गियरमध्ये ऐंशीच्या आसपास काटा बरोबर तिथेच असतो. टर्बो जागा असतो आणि इंजिन दमत नाही. याच्याखाली फार उतरलं तर उलट होतं. पुष्कळ जण ॲव्हरेजच्या नादानं चढावर चौथा-पाचवा सोडत नाहीत, बाराशेवर इंजिन गुरगुरत असतं आणि पाय जमिनीला टेकलेला. तेव्हा टर्बो हवा देत नाही, डिझेल मात्र ओतलं जातं. मागे धूर, आत काजळी. ती काजळी धूर परत इंजिनात वळवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये साठते आणि वर्षभरात जे वाचवलं, ते मिस्त्रीच्या हातात जातं. चढ दिसला की तो लागायच्या आधी गियर उतरवावा. हे मी कुणालाही आग्रहानं सांगते.

पेट्रोलियम संवर्धनासाठी १९७८ पासून काम करणारी पीसीआरए ही संस्था ४५ ते ५५ च्या वेगाचा सल्ला देत आली. हवेच्या विरोधाचं गणित पाहिलं तर तो बरोबर आहे. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून ८० ऐवजी १०० नं गेलं की गाडीला हवा दीडपटीहून जास्त जोरानं मागे ढकलते. पण लोखंड भरलेले ट्रेलर उजव्या लेनमध्ये साठनं चालले असताना पंचेचाळीसनं जाणारी छोटी गाडी मागून येणाऱ्याला कोड्यात टाकते. डिझेलसाठी जीव धोक्यात घालू नये. मी ७५ ते ८० धरते. ट्रकच्या मागे चिकटून त्याच्या आडोशानं हवा चुकवणारे लोकही मी पाहिलेत. त्यानं डिझेल वाचतं हे खरं, पण पुढचं काही दिसत नाही, आणि या कामात पुढचं दिसणं हाच तर सगळा जीव.

ते असं. देवरीच्या पुढे जंगलात रस्ता चढतो-उतरतो. उताराच्या तळाशी वळण आहे आणि वळणापलीकडे ट्रकची रांग असणार, हे दूरवर चमकलेल्या लाल दिव्यांवरून कळतं. मी तिथेच पाय उचलते. गियर तसाच, क्लच सोडलेला. अशा वेळी इंजेक्टर डिझेल सोडणं थांबवतात. चाकंच इंजिन फिरवत राहतात आणि गाडी फुकटात पुढे जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला डिझेल लागतंच. उताराला न्यूट्रल टाकून डिझेल वाचतं ही समजूत जुन्या ड्रायव्हरांकडून आलेली आहे, आणि काही तर किल्लीच बंद करतात. इंजिन थांबलं की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही थांबतो. दोन-तीनदा पेडल दाबल्यावर ते दगडासारखं होतं. उतारावर, ट्रकांच्या मागे. मी हे करणाऱ्याच्या गाडीत बसत नाही.

पाय उचलून गेलं की रांगेपाशी पोचेपर्यंत वेग तीस-चाळीसवर आलेला असतो, रांगही बहुतेकदा सरकायला लागलेली असते. थांबावं लागत नाही, म्हणजे ती दोन टोपणं वाचली. टोल नाक्यांवर पूर्वी हे जमायचं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला आणि तिथली थांब-चाल पुष्कळ कमी झाली.

गावातला हिशोब वेगळा. रेल्वे फाटकाशी उभं राहिलेल्या प्रत्येक भिलाईकराला मालगाडीचे डबे मोजायची सवय असते. या आकाराचं डिझेल इंजिन नुसतं चालू राहिलं तर तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास पितं. फाटक पडलेलं दिसलं की किल्ली बंद. लांबच्या प्रवासानंतर मात्र मी लगेच बंद करत नाही. टर्बो लालबुंद तापलेला असतो, त्यातलं तेल फिरत राहायला अर्धा-एक मिनिट द्यायलाच हवं. ते थेंब वाचवायचे नसतात.

धुळीचंही तसंच. भिलाईसारख्या पोलाद कारखान्याच्या गावात हवेचा फिल्टर पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट बघत नाही. आमचा मिस्त्री तो काढून उजेडाकडे धरतो. घड्यांमध्ये राखाडी-तांबूस थर बसलेला, बोटाला किंचित चरचरणारा, आणि आरपार काही दिसत नाही. नवा घातला की दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या गियरमधला ओढा बदललेला जाणवतो. टायरची हवा मी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, स्वतःच्या गेजनं बघते. दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली तेवढीच. एसीचा वाद मी घालत नाही. लाखनीहून आईला आणताना मे महिन्यात काचा खाली करून कुणाचं ॲव्हरेज वाढवायचंय?

ॲव्हरेज मी मोजते ते टाकीनं. एकच पंप, एकच नोझल, पहिल्या ‘खट’ला थांबायचं. डिझेलला फेस येतो, त्यामुळे एका टाकीचा आकडा खरा मानत नाही, तीन-चार टाक्यांची सरासरी घेते. माझ्या मॉडेलला एआरएआयचा दाखला २२.९ चा. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या या संस्थेचं नाव प्रत्येक जाहिरातीत असतं, पण चाचणी रोलरवर होते. तिथे वारा नसतो, गाय नसते, फाटक नसतं. तरीही लाखनीच्या रस्त्यावर मला तेवीस-चोवीस मिळतं. उन्हाळ्यात दुपारी निघालं तर तेच दीडनं घटतं, कारण पश्चिमेकडची गरम हवा समोरून येते. भिलाई आणि लाखनीच्या उंचीत फारसा फरक नाही, त्यामुळे जाता-येताचा फरक बहुतेक वाऱ्याचाच. पहाटे पाचला निघण्याचं माझं कारण हेच.

डिझेल वाचवणं म्हणजे हवा स्वच्छ ठेवणं, असं मी म्हणणार नाही. लिटरमागे पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतोच, आणि या वयाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टरही नसतो. कमी जाळणं एवढंच हातात आहे, आणि देशातलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येत असताना ते थोडं नाही.

माझा भाचा याच गाडीवर शिकला. शिकताना मी त्याला वेग विचारत नसे. ‘पुढून तिसऱ्या गाडीचे दिवे लागलेत का?’ एवढंच विचारायची. ‘मावशी, दुसरं काही शिकव ना,’ म्हणून तो वैतागायचा. आता त्यानं नागपुरात विजेची गाडी घेतलीय. मागच्या वेळी मी तिच्यात बसून भंडाऱ्यापर्यंत आले. पाय उचलला की काटा दुसऱ्या बाजूला जातो आणि बॅटरीत वीज परत भरायला लागते. माझं पंचवीस मिलिलिटर, निदान त्यातलं बरंचसं, ही गाडी स्वतः परत घेते. हवेनं खाल्लेलं मात्र तिलाही परत मिळत नाही. मौद्याच्या पुढे तो शंभरच्या वर गेला तेव्हा उरलेल्या किलोमीटरचा आकडा रस्त्यापेक्षा भरभर उतरत होता. मी काही म्हणायच्या आत त्यानंच वेग ऐंशीवर आणला आणि भंडाऱ्याच्या अलीकडे, समोरच्या ट्रॅक्टरचे दिवे लागायच्या आधीच, पाय उचलला.