दुसऱ्याच्या बागेत

देवगडला आंबा देठासकट उतरवतात. झेल्याच्या पात्याने देठ कापायचा, पेरभर फळावर ठेवायचा. तो आहे तोवर चीक आत राहतो. ऑस्ट्रेलियातल्या बोवनला नेमकं उलटं. तिथे देठ मोडून चीक वाहू द्यायचा, फक्त तो सालीवर ओघळता कामा नये. त्यासाठी झाडांच्या रांगांमधून एक यंत्र संथ सरकत असतं. त्याला बाजूंनी ताडपत्री ताणलेली आणि तिच्यावर साबणाच्या पाण्याची अखंड धार. आम्ही दोन्ही अंगांनी चालत आंबे खुडायचो, देठ मोडायचो, पाण्यात सोडायचो. आंबा घरंगळत जाई, त्याचा चीक धुऊन जाई. आमच्या अंगावरचा मात्र जात नसे. हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते तिथली दोन बोटं पट्टी उघडी राहायची, तेवढी भाजायची. आधी बारीक फोड, मग कातडी काळवंडलेली. तैवानच्या मुलीच्या, अर्जेंटिनाच्या मुलाच्या, वानुआतूहून हंगामापुरत्या आलेल्या थोराड बाप्यांच्या, सगळ्यांच्या मनगटाला तेच काळं कडं.

बोवन हे क्वीन्सलंडच्या उत्तरेचं, कोरल समुद्राकाठचं गाव, 1861 साली वसलेलं. एकोणिसाव्या शतकात इथून भारतातल्या लष्करासाठी घोडे जात आणि त्या व्यापाराबरोबर इथे आंबा आला, असं मानतात. त्यातून झाला केन्सिंग्टन प्राइड. तिथली माणसं त्याला नुसतं बोवन म्हणतात. हापूसची कोय पेरली तर झाड कसं निघेल सांगता येत नाही, म्हणून आपण कलमं बांधतो. याच्या एका कोयीतून मात्र अनेक कोंब येतात आणि बहुतेक आईवरच जातात. फळ गोड, गालावर गुलाबी झाक, आणि गराच्या मागे किंचित राळेचा वास. मला तो वास फार आवडला. गावाबाहेर हमरस्त्यावर दहा मीटर उंच आंबा उभा करणारी माणसंही मला जवळची वाटली.

2024 पासून ऑस्ट्रेलिया दरवर्षी 18 ते 30 वयाच्या 1000 भारतीयांना सोडत काढून वर्षभर फिरायचा आणि फिरता फिरता काम करायचा व्हिसा देतं. सोडतीत माझं नाव लागलं. आणखी एक वर्ष हवं असेल, तर ठरावीक भागांत, ठरावीक कामांत 88 दिवस भरावे लागतात. बागेतलं काम त्यात बसतं. अशा कामाला तिथे कॅज्युअल म्हणतात. पगारी रजा नाही, उद्याची हमी नाही. त्याबदली तासाच्या मजुरीवर 25 टक्के जास्त. नगावर मोजून मजुरी देत असले, तरी तासाच्या किमान दराखाली जाता येत नाही, हा नियम 2022 साली आला. तो यायलाच हवा होता.

पण उद्याचं काय हे कुठलाच नियम सांगत नाही. संध्याकाळी सहानंतर हॉस्टेलच्या ओसरीवर बोलणं कमी होई. ज्याच्या फोनवर वेळ आली तो उठून डबा भरायला जाई. ज्याला काही आलं नाही तो स्वयंपाकघरात जाऊन नूडल्सचं पाकीट मधोमध मोडे आणि अर्धं परत ठेवून देई. समोर समुद्र असे, गरम, हिरवट निळा. नोव्हेंबर ते मे त्यात जीवघेणे जेलीफिश असतात, म्हणून किनाऱ्यावर खांबांना व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या.

त्या ओसरीवर मी आईशी बोलायचे. जेवले, हात बरा आहे, माणसं चांगली आहेत. बोलता बोलता ध्यानात आलं की हा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या बागेत दिवाळीच्या सुमारास नेपाळहून दादा येतो. राखण, फवारणी, वानरं हाकणं, मग काढणी. मे सरता सरता परततो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी बागा आज अशा माणसांच्या हातांवर उभ्या आहेत. खोपीच्या दारात बसून तो रोज घरी फोन करायचा. भाषा कळत नसे, पण सूर तोच होता: सावकाश, समजूत घालणारा, दुखणं गाळून बाकीचं सांगणारा.

डिसेंबरात एकदा पावसाने दोन दिवस काम बंद होतं, तेव्हा घरी बोलले. बाबांनी विचारलं, झाडाला किती फळ लागतं. काकाने डॉलरचे रुपये केले आणि खूश झाला. मग बाबांनी फोन दादाकडे दिला.

"ताई, खोली मालकाची का भाड्याची?"

"भाड्याची. दर आठवड्याला द्यायचं."

"पाऊस पडला तर हजेरी?"

"नाही मिळत."

"आणि भाडं?"

"ते सुटत नाही, दादा."

"मग पावसातलं काम वेगळं धरून ठेवा," तो म्हणाला. "छपराखालचं. हंगाम भरात असतानाच बघायचं, संपल्यावर सगळेच मागतात."

इतक्या जणांनी माझी चौकशी केली होती, भाड्याचं कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी मी छत्री घेऊन किनाऱ्यावरच्या मोटेलांमध्ये विचारत फिरले. एका ठिकाणी बाईंनी माझं मनगट पाहिलं, आंब्यावर आहेस ना म्हणाल्या, आणि चादरींची ढकलगाडी माझ्याकडे सरकवली.