दलदलीतला दुर्गंधी वानर

दोस्तांनो, नकाशात अमेरिकेचं फ्लोरिडा राज्य शोधा. त्याच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्सची अफाट दलदल आहे. गुडघाभर पाणी, करवतीसारखं धारदार गवत आणि मगरी! इथेच म्हणे ‘स्कंक एप’ राहतो. दोन पायांवर चालणारा, केसाळ, कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा! (असा वास दलदलीलाही येतो बरं का.) २००० साली सॅरासोटाच्या शेरीफकडे एक निनावी पत्र आलं, सोबत दोन फोटो. हा प्राणी आमच्या ओट्यावरची सफरचंदं पळवतो, अशी तक्रार! फोटोतला प्राणी अगदी ओरांगउटानसारखा. हाड मात्र आजवर एकही सापडलेलं नाही. मागच्या पायांवर उभं राहिलेलं काळं अस्वल पाहून लोक फसत असतील, असं जाणकार म्हणतात. तिथे खराखुरा फ्लोरिडा पँथरही आहे. जेमतेम २०० च्या आसपास उरलेत, आणि दरवर्षी कित्येक गाड्यांखाली मरतात.