माळ्यावरचा टीव्ही गेम

चातुर्मासातल्या स्वयंपाकावरचा लेख अर्धा लिहून ठेवलाय, तो पुढच्या वेळी. आजचा विषय वेगळा आहे: जुन्या टीव्ही गेमच्या डब्यात नवा कॉम्प्युटर बसवणं. हसू नका. या कामाच्या निमित्ताने आमच्या घरी अणुव्रतांवर जेवढं बोलणं झालं, तेवढं दशलक्षण पर्वातही होत नाही.

ज्यांचं लहानपण नव्वदच्या दशकात गेलं त्यांना तो डबा आठवत असेल. टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची. मूळ यंत्र जपानच्या निन्टेन्डो कंपनीचं, १९८३ सालचं ‘फॅमिकॉम’. आपल्याकडे घरोघरी आली ती बहुतेक त्याची नक्कल. आमच्याकडचा डबा धाकट्या भाऊजींचा. ते पुण्याला गेले, डबा माळ्यावर गेला. सासूबाई तो भंगारात देऊ देईनात, आणि मला माळा रिकामा हवा होता. आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी मधला मार्ग काढला.

आधी दुरुस्तीचा प्रयत्न झाला. उघडून पाहिलं तर एवढ्या मोठ्या डब्यात तळहाताएवढी एक पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. मूळ फॅमिकॉममध्ये वेगवेगळ्या चिप असत. नकलेत सगळं त्या एका थेंबाखाली कोंबलेलं असतं. तो गेला की गेला, त्यात बदलण्यासारखं काही नसतं. टीव्ही दुरुस्तीवाल्यानेही तेच सांगितलं. मग पट्टी काढायची आणि डबा ठेवायचा असं ठरलं.

आत बसवलं ते रास्पबेरी पाय. इंग्लंडमध्ये मुलांना संगणक शिकता यावा म्हणून २०१२ साली निघालेला हा छोटा कॉम्प्युटर. साधारण एटीएम कार्डाएवढा, ८५ बाय ५६ मिलिमीटर. चुलत भावाने कॉलेजच्या प्रोजेक्टनंतर टाकून दिलेला, तिसऱ्या पिढीतला, आम्हाला मिळाला. मूळ फॅमिकॉमची कामाची मेमरी २ केबी, याची १ जीबी, म्हणजे पाच लाखपट. आपल्याकडे जीव एक देह सोडून दुसरा धरतो. इथे देह तोच राहिला आणि जीव नवा आला. सासूबाईंना मी हे सांगितलं तर त्यांनी डोळे मोठे केले.

हातकाम मजेचं होतं. आतले स्क्रूचे जुने खांब हॅकसॉच्या पात्याने कापले, मागे एचडीएमआयच्या वायरीपुरतं भोक कानशीने मोठं केलं, बोर्ड चार नट-बोल्टवर उचलून बसवला. खाली हवेसाठी भोकं पाडली, कारण बंद डब्यात हा बोर्ड चांगलाच तापतो. जुना नऊ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मी पहिल्याच दिवशी घराबाहेर काढला आणि त्याची खाच एमसीलने बुजवली. नव्या बोर्डाला पाच व्होल्ट लागतात, आणि हाताला येईल ते जोडून बघायची सवय आमच्या घरात सगळ्यांनाच आहे.

बटणाचं मात्र मला फार आवडलं. जुन्या डब्याचा वीजपुरवठा खट्कन तोडला तरी चालायचं. इथे तसं केलं तर मेमरी कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो. म्हणून रीसेटच्या बटणाच्या दोन वायरी बोर्डाच्या पाचव्या आणि सहाव्या पिनेला जोडल्या आणि सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली. आता ते दाबलं की यंत्र आधी आवराआवर करतं, मग झोपतं. पुन्हा दाबलं की उठतं.

रिमोटही जुनेच ठेवले. त्यात वीज आणि अर्थिंगच्या दोन वायरी सोडल्या तर कामाच्या तीनच. बटणं आठ, वायरी तीन, हे कसं? एका वायरीने यंत्र सांगतं ‘आता सगळ्यांची नोंद घ्या’. दुसरीवर ठोके पडतात, आणि तिसरीवरून प्रत्येक ठोक्याला एकेका बटणाची हजेरी येते. शाळेतल्या बाई पट वाचतात तसं. फक्त या बोर्डाच्या पिनांना ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही, म्हणून रिमोटलाही तेवढीच वीज दिली. दोन रविवारांत काम झालं.

खरी अडचण पुढे होती. आत गेम कोणते भरायचे?

डब्याबरोबर एक प्लॅस्टिकची बंदूक होती, बदकं मारायच्या खेळाची. सासूबाईंनी ती त्या काळीच कपाटात कुलूपबंद केली होती. आता लेकाने ती मागितली आणि वाद सुरू झाला. त्याचं म्हणणं, “आजी, या बंदुकीतून काही सुटतच नाही, ती फक्त बघते.” आणि ते खरं आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. हे सगळं जुन्या पेटीसारख्या टीव्हीच्या पडद्यावरच जमतं. आत्ताच्या सपाट टीव्हीवर त्या बंदुकीला काहीच दिसत नाही. म्हणजे प्रश्न परस्पर सुटला होता, पण सासूबाई सोडायला तयार नव्हत्या. त्यांनी यशोधर राजाची गोष्ट काढली. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’मध्ये सांगितलेली. राजाने आईच्या आग्रहापोटी खरा कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा करून बळी दिला, आणि तरीही मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत फिरावं लागलं. पिठाच्या कोंबड्यात जीव नव्हता, मारण्याचा भाव मात्र होता.

“मग मारिओ?” लेक म्हणाला. “तो कासवांवर उडी मारतो, पण कासव मरत नाही, कवचात शिरतं आणि थोड्या वेळाने बाहेर येतं. आणि तो राजकन्येला सोडवायला निघालाय, म्हणजे ही विरोधी हिंसा झाली, संकल्पी नाही.” पाठशाळेत शिकलेलं असं बाहेर येईल असं वाटलं नव्हतं. सासूबाई हसल्या. मला विचाराल तर बदक आणि मारिओ यांत फरक आहे. एकात मारणं हाच खेळ आहे, दुसऱ्यात पुढे जाणं हा खेळ आहे. सगळ्यांना हे पटेल असं नाही.

पण मारिओ अडला तो दुसऱ्याच ठिकाणी. एक ऑनलाइन विक्रेता दहा हजार गेम भरलेलं मेमरी कार्ड विकत होता. १९८५ चा मारिओ अवघ्या ४० केबीचा, सकाळी मोबाइलवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. एवढ्याशा कार्डावर दहा हजार सहज मावतात. पण मारिओचा हक्क आजही निन्टेन्डोकडे आहे, आणि त्या विक्रेत्याला तो कुणी दिलेला नव्हता. “नेटवर फुकट मिळतं गं आई,” हे मी दिवसातून चारदा ऐकलं. फुकट आहे की विकत, हे मी विचारलंच नव्हतं. दिलेलं आहे की न दिलेलं, एवढंच विचारलं होतं. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याचे पाच अतिचार सांगितलेत. त्यांत चोरीचा माल घेणं आहे आणि नकली मालाचा व्यवहारही आहे. त्यावर लेकाने डब्याकडे बोट दाखवलं. “मग हाच नकली आहे की!” म्हणजे इतकी वर्षं आमच्या माळ्यावर एक अतिचार धूळ खात होता. आता त्यातली नकली पट्टी तरी गेली.

दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. मित्रांना बोलावून दाखवायचं ठरलं होतं, आणि मारिओ नसलेला टीव्ही गेम कोण बघणार? तिसऱ्या दिवशी त्यानेच शोधून काढलं की या जुन्या यंत्रासाठी आजही लोक हौसेने नवे गेम लिहितात आणि काही जण ते वाटायला खुले ठेवतात. ‘अल्टर इगो’ हा तसाच एक. त्यात नायकाची एक सावली असते. तो डावीकडे गेला की ती उजवीकडे जाते, आणि योग्य वेळी दोघांची अदलाबदल करायची. ‘लॅन मास्टर’मध्ये वायरींचे तुकडे फिरवून सगळे कॉम्प्युटर जोडायचे. हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर, रेट्रोपाय, तेही करणाऱ्यांनी उघडपणे वाटायलाच ठेवलंय. सध्या डब्यात असे अकरा गेम आहेत.

मित्र आले, अर्धा तास खेळले, आणि एकाने विचारलंच. त्या मित्राच्या घरी जाऊन लेक मारिओ खेळतो, हे मला माहीत आहे. मी त्यावर काही बोलत नाही.

भाऊजी सुट्टीत आले तेव्हा त्यांनी आधी डबा हलवून पाहिला. “हलका झालाय,” म्हणाले. मग रिमोट हातात घेतला. वायर आखूड, त्यामुळे टीव्हीच्या अगदी पुढ्यात खाली बसावं लागतं. सासूबाईंनी आतून हाक मारली, “लांब बस रे, डोळे जातील.” भाऊजी पन्नाशीला आलेत. ते थोडे मागे सरकले, आणि रिमोट वायरीसकट डब्यातून निसटला.