एकदा तरी तिला आई होऊ द्या?

घरात मांजर किंवा कुत्री असेल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल : "अहो, एकदा तरी तिला आई होऊ द्या, मग करा ऑपरेशन." आमच्या चिंगीच्या नसबंदीचं ठरलं तेव्हा मला ते वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ऐकवलं, आणि दूधवाल्यानंही! त्यामागे माया असते, पण ती माणसाच्या मापाची. मांजरीला बाळंतपणाची हौस नसते. ती माजावर येते आणि रात्रभर ओरडते, एवढंच.

जरा हिशेब करून बघा. मांजर चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पहिल्या खेपेची पिल्लं लोक हौसेनं नेतात. दुसऱ्या खेपेला ओळखीचेही फोन उचलत नाहीत. मग उरलेली पिल्लं कुठं जातात, हे मासळीबाजाराच्या मागच्या बाजूला जाऊन बघा.

माझ्या मनातली उरलीसुरली शंका घालवली ती शेजारच्या नऊ वर्षांच्या कुत्रीनं. तिनं खाणं सोडलं, सारखी पाणी प्यायला लागली. गर्भाशयात पू झाला होता. रात्रीच ऑपरेशन करावं लागलं, थोडक्यात वाचली. नसबंदीत गर्भाशय आणि अंडाशय काढले की हा धोका जवळजवळ उरतच नाही. पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं, तर स्तनांच्या गाठींची शक्यताही बरीच कमी होते. मात्र मोठ्या जातीच्या कुत्र्यांसाठी डॉक्टर कधी थोडं थांबायला सांगतात, तेव्हा वय त्यांनाच विचारा.

बोक्यांचं म्हणाल, तर भटकणं, मारामाऱ्या आणि दारावर उग्र वासाची मुतारी करणं बहुधा कमी होतं. पण ऑपरेशननंतरही काही आठवडे त्यांना माद्यांपासून दूर ठेवा.

चिंगी गळ्यातल्या कॉलरमुळे दोन दिवस रुसली, तिसऱ्या दिवशी फ्रिजवर चढली. तिला खाली उतरवताना आमचीच तारांबळ, कारण टाके निघेपर्यंत उड्या बंद ठेवायच्या होत्या.

वजन वाढतं हे मात्र खरं. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते. म्हणून मी खाणं वाटीनं मोजून देते. आजोबा मोजत नाहीत, आणि हे चिंगीला पक्कं ठाऊक आहे.