न दिसणं आणि न पाहणं
माझ्या नव्या विद्यार्थिनीनं एक छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली आणि आमच्या दीर्घिकांवरची हबलची सगळी निरीक्षणं बाल्टिमोरच्या मास्ट संग्रहातून एका दुपारी काढून दिली. कोणत्या वर्षी, कोणत्या फिल्टरमधून, कुणी काय टिपलंय हे मला तोंडपाठ आहे, असा माझा लौकिक होता आणि तो मला फार प्रिय होता. तिच्या यादीत माझ्या आठवणीपेक्षा जास्त नोंदी निघाल्या. ते मला लागलं, आणि अजून लागतं.

पण माझा जीव अडकलाय तो यादीनंतरच्या प्रश्नात. दीर्घिका चित्रात दिसत नाही. मग ती तिथं नाही, की दुर्बिणीनं तिथं पाहिलंच नाही?

हबलवरच्या एसीएस या उपकरणाच्या रुंद कॅमेऱ्याची चौकट जेमतेम २०२ आर्कसेकंदांची, पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या नवव्या हिश्शाएवढी. त्यात सौर पॅनेल सूर्याकडे ठेवायची म्हणून तोच रोख काही आठवड्यांनी धरला, की चौकट आकाशावर फिरलेली असते. कोपऱ्यातली दीर्घिका बाहेर पडते. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हिट दुर्बिणीचं क्षेत्र गोल आणि २८ आर्कमिनिटांचं, तिथं हा जाच कमी. एसीएसच्या दोन चिपांमध्ये सुमारे अडीच आर्कसेकंदांची फटही आहे. "मॅडम, चौकट जुळतेय," विद्यार्थिनी म्हणते. चौकट जुळते, पण वस्तू नेमकी फटीत पडलेली असू शकते.

म्हणून संग्रहातली डीआरसी फाइल, म्हणजे जोडून तयार केलेलं चित्र, उघडली की मी चित्राआधी तिच्यातला वेट मॅप बघते: कुठल्या बिंदूच्या निरीक्षणाला किती वजन आहे, याचा नकाशा. तिथं शून्य असेल, तर त्या जागेबद्दल हबलचा काहीच जबाब नाही. वजन आहे आणि उजेड नाही, तर मात्र ती मोलाची मर्यादा: याहून तेजस्वी काही तिथं नाही. कॅटलॉगमधला रिकामा रकाना पाहून सरळ 'आढळलं नाही' छापणारे शोधनिबंध वाचले की मला संताप येतो.

संग्रहातल्या कामाला दुय्यम मानणारेही बरेच आहेत. एचआर ८७९९ या ताऱ्याचे ग्रह २००८ साली जाहीर झाले. पुढच्याच वर्षी डेव्हिड लाफ्रेनिएर आणि सहकाऱ्यांनी हबलच्या निकमॉस कॅमेऱ्याची १९९८ची निरीक्षणं नव्या रीतीनं तपासली, तर त्यांत सर्वांत बाहेरचा ग्रह होता. २०११ साली रेमी सुमेर यांच्या गटानं त्याच निरीक्षणांतून आणखी दोन काढले. दुर्बिणीनं पाहिलं होतं. माणसांनी पाहायचं राहिलं होतं.

मूळ निरीक्षकांसाठीची राखीव मुदत संपली की ही निरीक्षणं जगात कुणालाही मोफत मिळतात. दुर्बिणीच्या नव्या वेळेसाठी प्रस्ताव लिहिण्याआधी ती उघडा. आणि वेट मॅप पाहिल्याशिवाय 'तिथं काही नाही' असं लिहू नका.